उंबऱ्याबाहेरचं गाणं

"तिथूनच बोल. आत नको येऊ," पंजाबराव दारात आडवा उभा राहून धाकट्या भावाला म्हणाला.

निवृत्ती अंगणातच थांबला. मेहकरहून तो पायी आला होता. त्या साली मानमोडी नावाच्या साथीच्या तापाने त्यांच्या गावात, जानेफळात, घरोघर माणसं आडवी झाली होती. आता त्यांची माय मनकर्णाबाई अंथरुणाला खिळली होती. सहा वर्षांपूर्वी मेहकरच्या मिशन दवाखान्यात निवृत्तीचा सडलेला पाय वाचला. तिथेच तो ख्रिस्ती झाला आणि हे घर त्याला बंद झालं. तेव्हापासून तो मिशनच्या नोकरीत राहून प्रार्थनामंदिरासाठी येशूची गाणी रचत होता. चाली मात्र जात्यावरच्या, भजनातल्या, त्यामुळे वाटेने जाणारेही ती गुणगुणत.

आतून मनकर्णाबाईने विचारलं, "निवृत्ती आला काय रे?"

"हाव माय. अंगनात हाय."

"तुहं ते विठोबाचं म्हन ना. लहानपनी म्हनत होता ते."

जुनी भजनं पुन्हा तोंडात आणणार नाही, असं बाप्तिस्म्याच्या वेळी निवृत्तीने कबूल केलं होतं.

पंजाबरावचा आवाज खाली आला. "म्हन बे. तीन दिसांपासून पानी घेतलं नाही तिनं. येवढंच मागून राह्यली."

निवृत्ती जमिनीवर बसला आणि गायला लागला. शेजारीपाजारी ओट्यांवर येऊन ऐकत राहिले. शेवटचं कडवं चालू असताना आतून वहिनीचा हंबरडा आला. तरी त्याने कडवं पुरं केलं. भावकीने त्याला तिरडीला हात लावू दिला नाही.

तो मेहकरला पोचण्याआधीच बातमी पोचली होती. मिशनचा उपदेशक शालिग्राम याने त्याला बोलावून घेतलं. शालिग्राम दुसरबीडचा, निवृत्तीच्याच वयाचा.

"गायले तुम्ही?"

"गायलो."

"चुकलं म्हना भाऊ. पाद्री साहेबाले मी समजावतो."

"चुकलं असं वाटत नाही, तर काऊन म्हनू?"

शालिग्रामने टेबलावरचा कागद उचलला. मग त्याने साहेबाचा हुकूम वाचून दाखवला. नोकरी गेली, खोली गेली, प्रभुभोजनाची भाकर बंद, इतरांसोबत प्रार्थनेला उभं राहणं बंद. त्याची गाणी मात्र ख्रिस्ती मंडळीची, ती चालू राहतील.

निवृत्तीने ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांची झोपडी घातली. माणसं रोज मरत होती आणि खड्डे खणायला कोणी मिळत नव्हतं. हुकुमात खणायला बंदी नव्हती. तो खणू लागला.

नवव्या दिवशी शालिग्राम स्वतःच आला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"सरस्वती गेली. पहाटे."

निवृत्तीने फावडं खाली ठेवलं. आपलं घर सुटलं तेव्हा पहिली भाकर शालिग्रामच्या याच बायकोने वाढली होती.

"तिले तुमचीच गानी आवडत. मागायले तोंड नाही मले, तरी मागतो. तिच्यासाठी एखादं..."

"माहेर कुठलं त्यांचं?"

"लोनार."

"लिवून घ्या."

निवृत्ती खणता खणता ओळी सांगत गेला, शालिग्राम पेन्सिलीने उतरवत गेला. त्याचा हात मधेच थांबे, तेव्हा निवृत्तीही थांबे. कागद भरल्यावर शालिग्राम म्हणाला, "दुपारी आमच्यासंगं उभे राहा."

"साहेब असतीन. तुमचीबी नोकरी जाईल. तुम्हीच म्हना."

दुपारी मंडळी खड्ड्याभोवती जमली. निवृत्ती कुंपणापाशी फावडं धरून उभा होता. दुसऱ्याच ओळीला शालिग्रामचं गाणं तुटलं. इतरांनी ओळ उचलली, पण त्यांची चाल चुकली. निवृत्तीचे ओठ हलले नाहीत. गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. साहेब आणि मंडळी फाटकाबाहेर गेल्यावर तो माती लोटायला पुढे झाला.