भागधारकाचं तिकीट

व्यंकटराव सोनकांबळ्यांनी पदरचे पैसे मोडून रेल्वेचं तिकीट असं कधी काढलंच नाही. नांदेडच्या रेल्वे विभागीय कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या फुकट पासांच्या खिडकीवर नोकरी आणि तिथूनच निवृत्ती. मुलाकडे लातूरला जायचं तर बसने तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पण हे गृहस्थ परळीचा वळसा घालून आगगाडीनेच जाणार. पास असताना तिकिटाला पैसे घालणं म्हणजे त्यांना नोकरीला बट्टा लावल्यासारखं वाटे. पास वर्षाला मोजकेच, म्हणून जाणंही मोजकंच. नागुबाई असती तर तिने नवऱ्याचं बखोट धरून बसमध्ये बसवलं असतं. पण ती जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि नांदेडमधल्या तरोड्याच्या घरात सकाळी कुकरची शिट्टी झाली की पुन्हा कसला आवाज म्हणून नसे.

गेल्या खेपेला अर्धापूरची केळी घेऊन ते लातूरला गेले, तेव्हा घरात वेगळीच धामधूम होती. मुलगा आदर्श शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतो, सून ज्योत्स्ना बँकेत आहे. दिवाळीत मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर जायचं दोघांनी ठरवलं होतं. नातीने आजोबांना मोबाईलवर जहाजातला पोहण्याचा हौद दाखवला, गच्चीवरची घसरगुंडी दाखवली. ‘तुम्हीपण चला’ असं मात्र कोणी म्हणालं नाही. कोणाच्या मनात खोट नव्हती, कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच. आणि आपण होऊन ‘मलाही न्या’ म्हणायला व्यंकटरावांची जीभ रेटेना. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे नागुबाई त्यांना जन्मभर ऐकवत आली होती. ऐकून ते कधी शहाणे झाले नाहीत.

घरी परतल्यावर शेजारच्या संगमेश्वरपाशी त्यांनी सहज जहाजाचा विषय काढला. संगमेश्वर शेअरची दलाली करतो.

“काका, त्या कंपनीचे शंभर शेअर ज्याच्याकडं हायत, त्याला जहाजावर खर्चायला दहा हजार भेटतेत,” तो म्हणाला. “रोख न्हाई बरं का. जहाजावरच खायचं, प्यायचं, खरेदी करायची. उरलं तर बुडालं. आन् एक अट लई वंगाळ हाय. शेअरवाला सोता त्या केबिनमधी पाहिजे.”

दुसरा कोणी ही अट ऐकून माघारी फिरला असता. व्यंकटरावांचा चेहरा मात्र उजळला. निवृत्तांच्या पासावर सोबत्याला नेता येतं, पण पासवाला स्वतः गाडीत नसेल तर सोबत्याला डब्यात जागा नाही. हा कायदा त्यांना तोंडपाठ होता. म्हणजे पोरांना दहा हजार हवेत तर म्हातारा सोबत घेण्यावाचून गत्यंतर नाही! दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेतली ठेव मोडली आणि शंभर शेअर घेतले.

“तुमच्यासाठी दहा हजाराची सोय केली,” त्यांनी आदर्शला फोनवर सांगितलं. “फक्त मला संगं यावं लागतंय बघ.”

“अरे वा! मग या की बाबा. चौघांची केबिन असतीच.”

त्या ‘या की’वर व्यंकटराव आठवडाभर जगले. वजिराबादच्या बाजारात जाऊन त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. बुद्धविहारात चार जणांना, कोणी विचारलं नसताना, समुद्र कसा असतो ते सांगितलं. त्यांनी स्वतः तो एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले तेव्हा, तोही गर्दीच्या डोक्यांवरून.

मग एका सकाळी आदर्शचा फोन आला. लातूरचा एक एजंट कुठलीही अट न घालता जहाजावर खर्चायला सहा हजार द्यायला तयार होता. मात्र एका केबिनला एकच सवलत. भागधारकाची घ्या नाही तर एजंटाची.

“तुम्ही बघा बाबा, कोणती परवडते. तुमचा जल्म ह्याच्यातच गेला.”

मुलाने आपला सल्ला मागावा, याचंच त्यांना कोण अप्रूप. चष्मा लावून त्यांनी दोन्हींचे नियम वाचले, पुन्हा वाचले आणि दुपारी खणखणीत आवाजात निकाल दिला.

“आपलीच सवलत भारी. चार हजारानं उजवी हाय.”

“आन् तुमचं तिकीट, बाबा?”

“माझं कशाचं तिकीट? शेअर माझेच हायत ना!”

पलीकडे आदर्श हसला, मग एकदम थांबला. “बाबा, शेअर म्हंजे रेल्वेचा पास न्हाई. चौथ्या माणसाचे बावीस हजार लागतेत.”

व्यंकटराव खाली बसले. पासवाल्याला प्रवास फुकट असतो, आणि इथे पासवाले आपणच, या हिशेबात त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं. आता धरलं, तर आपल्यामुळे पोरांचं नुकसानच होत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काई हरकत न्हाई,” आदर्श मायेनेच म्हणाला. “एजंटाचीच घेऊ. तुम्हालाबी उगं तरास नको.”

“हाव. तेच बरं हाय.”

संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन आला. तिकिटं झाल्याचं तिने सांगितलं, औषधं घेता का ते विचारलं, आणि मग जरा अडखळून म्हणाली, “बाबा, एक विचारू? तुम्हाला यायचं होतं का?”

“न्हाई गं,” व्यंकटराव सवयीने बोलून गेले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला शब्द मागे घेतला. “हाव. यायचं होतं. लई यायचं होतं, बाई. तिकिटाचे पैसे मी भरले असते.”

“अहो, मग बोलायचं ना बाबा! दुपारीच तिघांची केबिन घेतली. आता जहाजावर एकपण जागा न्हाई म्हणून राहिलेत.” तिचा आवाज रडवेला झाला होता. “पुढच्या वेळी नक्की. नक्की नेऊ तुम्हाला.”

पास संपलेली माणसं खिडकीशी येत, तेव्हा व्यंकटराव त्यांना हेच सांगत, ‘पुढच्या वेळी नक्की’, आणि तेही अगदी मनापासून. नाव मात्र त्यांनी कधी कोणाचं टिपून ठेवलं नव्हतं. खिडकीपलीकडचं माणूस मान डोलवायचं आणि बाजूला व्हायचं.

व्यंकटरावांनीही मान डोलवली. फोनवर ते कोणाला दिसलं नाही.

“बाबा? आहात ना?” ज्योत्स्ना विचारत राहिली.