गवंड्याचं बिनविटांचं घर

लुंगिसा क्वात्शा गवंडी होता. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथच्या आसपासची कितीतरी सरकारी घरकुलं त्याच्या हातची. आणि तो स्वतः मात्र सोळा वर्षं पत्र्याच्या खोपटात, यादीत नाव लावून बसलेला. माझं खोपटं त्याला लागूनच.

अखेर त्याचा नंबर लागला, पण घर नव्या पद्धतीचं. कारखान्यातून तयार भिंती येणार आणि चार दिवसांत घर उभं राहणार. गल्लीतल्या आणखी तेवीस जणांनाही तसंच घर मिळणार होतं, ज्यानं त्यानं संमती दिली तर. ज्यांना नको, त्यांनी विटांच्या घराची वाट बघायची. किती वर्षं, ते कुणी सांगेना. आम्ही ठरवलं, लुंगिसा बघून सांगेल तसं करायचं. एवढा जाणता गवंडी आपल्याकडे आहे!

सोमवारी ट्रक आला. सहा माणसं आणि त्यांची मुकादम झिम्किता, फार तर तिशीची. लुंगिसा थापी घेऊन तयारच होता.

"ताता, तुम्ही बसा," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला आमच्यात ताता म्हणतात. "आज तुम्ही घरमालक."

"वाळू कुठंय?"

"लागत नाही."

"मग मी करू काय?"

"चहा पाजा की!"

आम्ही हसलो, तो हसला नाही. दोघांनी खाट उचलावी तशी अख्खी भिंत उचलली. दुपारपर्यंत चारही बाजू उभ्या राहिल्या. "अगं, एवढ्याला मला आठवडा लागतो," तो मला म्हणाला. कौतुक होतं की तक्रार, त्यालाही कळत नसावं.

गुरुवारी किल्ली मिळाली आणि तो खोट शोधायला लागला. ओळंबा सोडला, पाणसळ लावली, कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला. भिंतीवर टकटक करून म्हणाला, "पोकळ वाजतंय."

"तोलो," नोझुको म्हणाली, नवऱ्याला ती कुळाच्या नावानंच हाक मारायची, "आधी स्वतःचं डोकं वाजवून बघा."

शनिवारी दुपारी समुद्राकडून वारा सुटला, मागोमाग पाऊस. माझा पत्रा उडायच्या बेतात आला, तशी मी पोरांना घेऊन त्याच्याकडे पळाले. शेजारचेही आले. आम्ही अकरा जण जमिनीवर बसलो आणि लुंगिसा भिंतीला तळवे टेकून उभा.

"थरथरत नाहीये," तो म्हणाला. कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा होता त्याचा.

रविवारी चर्चनंतर सगळे त्याच्या दारात जमले. झिम्किता कागद घेऊन आलेली.

"ताता, एका शब्दात सांगा. घ्यायचं की नाही?" शेजाऱ्यांतल्या एकानं विचारलं.

"खोट सापडत नाही," तो म्हणाला. "माझ्या भिंतीपेक्षा सरळ आहे. पण विटेचं घर मला आतून ठाऊक असतं. हे कळत नाही."

"म्हणजे नको?"

"तसं कुठं म्हटलं?"

"मग हो?"

"तसंही नाही!"

"मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पावसात कोरडी बसले, तेही सांगा," नोझुको आतून ओरडली.

"तेही खरं आहे." तो झिम्किताकडे वळला. "पोरी, वीस वर्षांनी ही भिंत कशी असेल?"

"माझ्या हातचं सगळ्यात जुनं घर सहा वर्षांचं आहे, ताता. ते धड आहे. पुढचं मला माहीत नाही."

लुंगिसा खाली बघत म्हणाला, "माझ्या हातच्या घरांना तीन वर्षांत भेगा पडल्या. कंत्राटदार सिमेंट कमी घालायला सांगायचा आणि मी घालायचो. लोकांनी विचारलं की छातीठोकपणे सांगायचो, पन्नास वर्षं बघायला नको. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका."

आम्ही त्याच्याकडे निर्णय मागायला आलो होतो आणि तो हे देऊन बसला. काही जण तसेच घरी गेले. सतरा जणांनी सह्या केल्या. मीही केली. का केली, ते विचारू नका. त्या वाऱ्याची भीती असेल, नाहीतर ती पोरगी खोटं बोलली नाही म्हणून असेल.

"बरोबर केलं ना मी?" मी लुंगिसाला विचारलं.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला, आणि जेवायला आत गेला.