कोऱ्या चौकटींचा पाऊस

विनुता अकरावीत होती, आणि आपण उभं राहून बोलायला लागलो की लोक ऐकतात, हे तिला त्याच वर्षी कळलं होतं. हे एकदा कळलं की माणूस स्वतः ऐकायचं कमी करतो, ते मात्र कळायला तिला जरा वेळ लागला.

तिचे ताता, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ रघुपती, तंजावूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. घराच्या गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक होतं: वर नरसाळं, आत बाटली, शेजारी झाकून ठेवलेलं काचेचं मोजपात्र. रोज सकाळी साडेआठ वाजता, आंघोळ करून, धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून ताता वर जायचे, बाटलीतलं पाणी मोजायचे आणि खाली येऊन वहीतल्या चौकटीत आकडा लिहायचे. चाळीस वर्षं! पाऊस नसला तरी जायचे आणि शून्य लिहायचे. विनुताची अम्मा म्हणायची, "देवाला एखादवेळ उशीर चालेल, ह्यांच्या बाटलीला चालायचा नाही."

तर त्या वर्षी एक संशोधक तंजावूरभर फिरत होते. सतीशकुमार त्यांचं नाव. कावेरीच्या मुखाकडच्या गावांत पावसाची चाल गेल्या काही दशकांत कशी बदलली, याचा ते अभ्यास करत होते, आणि सरकारी केंद्रं कमी पडतात म्हणून कुणाच्या घरी जुन्या नोंदी सापडतात का, ते शोधत होते. विनुताच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तेच पाहुणे येणार होते. विनुतानं लगेच जाहीर करून टाकलं, "ताता, तुमचा पाऊस मी मांडणार! सगळा कॉम्प्युटरवर घालते, आलेख काढते. त्यांनी पाहिला की तुमची गच्ची त्यांच्या नकाशावर!"

ताता वरवर हसले. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याला दोनदा बजावताना दिसले, "ती पांढरी वेष्टी नीट कर, बाबा. प्रदर्शनाला जायचंय." चाळीस वर्षांत त्यांचा पाऊस कुणी मागितला नव्हता.

वह्या हातात देताना ते म्हणाले, "मधूनमधून काही चौकटी कोऱ्या आहेत. त्यांचं मला विचार हं. बसून सांगतों."

"विचारते, ताता," ती म्हणाली. म्हणाली, आणि पळाली.

सुट्टीभर तिनं आकडे टाईप केले. मैत्रीण अखिला वाचायची, विनुता बडवायची. पण आलेख काढला तर रेघ मध्येच तुटायची, दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखी. त्या कोऱ्या चौकटी!

"विचारून ये ना तातांना," अखिला म्हणाली.

"अय्यो, ते सुरू झाले की संध्याकाळ! काही लिहिलं नाही म्हणजे पडला नसेल. शून्य टाक."

टाकलं शून्य. रेघ सरळ जोडली गेली. आणि मग विनुताला काय दिसलं म्हणता! ऐन ऐप्पसी-कार्तिकात, दिवाळीच्या आगेमागे, आपल्या इथला खरा पाऊस असतो तेव्हा, पाऊस दहा दिवस गप्प बसतो आणि अकराव्या दिवशी एकदम कोसळतो. एकदा नाही, वेगवेगळ्या वर्षी, पुन्हा पुन्हा. मोजून दहा दिवस! ती खुर्चीवरून उठून नाचली.

"ह्याचं नाव विनुता चक्र," ती म्हणाली.

"चक्रम विनुता बरं दिसेल," अखिला म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी विनुता अशी बोलली, अशी बोलली, की शेजारच्या ज्वालामुखीवाल्या मुलींनी आपला ज्वालामुखी विझू दिला. ताता पुढच्या रांगेत, कडक वेष्टीत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पडद्यावर ते दहा दिवस आले तेव्हा त्यांचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले आणि परत खाली टेकले. विनुताला ते दिसलं. तिला वाटलं, टाळ्या वाजवणार होते.

सतीशकुमार उठून जवळ आले. भला माणूस. आधी त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मग आपला लॅपटॉप उघडून तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

"हे बघ, कण्णा. पापनाशमच्या केंद्रावर ह्या दहाही दिवसांत पाऊस आहे. चांगला धो धो. आसपासच्या सगळ्या केंद्रांवर आहे. फक्त तुमच्या गच्चीवर शून्य. असं कसं?"

विनुताला एवढंच म्हणायचं होतं: ती शून्यं माझी, सर. सहा शब्दही नव्हते. पण सगळी शाळा बघत होती, आणि लोक आपलं ऐकतात हे कळल्याचं ते तर तिचं पहिलंच वर्ष होतं.

"मी फक्त टाईप केलं, सर," ती म्हणाली. "तातांनी जे लिहिलं तेच..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच पडली नाही. तातांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या मुलाचं उत्तर कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधणारा मास्तर पाहतो तसं. त्यांना पायरी सापडली असावी.

"माझीच चूक," ताता उठून म्हणाले. "त्या त्या वेळी घरात सुतक होतं. कुळातलं कुणी ना कुणी गेलेलं. सुतकात देवाला हात लावत नाही, तसा मी ह्यालाही लावत नाही. वर गेलों नाही. सुतक फिटल्यावर साठलेलं सगळं पाणी एकदम मोजलं. आणि मधल्या दिवसांना... शून्य लिहून टाकलं."

"सर, तुम्ही फिजिक्स शिकवलंत," सतीशकुमार हळूच म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मोजलं नाही तर कोरं सोडायचं ना? शून्य म्हणजे तुम्ही वर गेलात, पाहिलंत आणि बाटली कोरडी होती. आता बाकीच्या शून्यांवर मी कसा विश्वास ठेवू?"

"बरोबर आहे," ताता म्हणाले.

चाळीस वर्षांचा पाऊस त्या दोन शब्दांत वाहून गेला. विनुता दोन पावलांवर उभी होती.

उत्तम सादरीकरणाचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. स्टीलचा डबा. घरी जाताना ऑटोत तो तिच्या मांडीवर खडखडत राहिला.

"बोललीस छान," ताता म्हणाले.

"ताता, तुम्ही खोटं का बोललात?"

"तू लहान आहेस. तुला पुष्कळ बोलायचंय अजून." मग बाहेर बघत, "विचारायचं होतंस गे."

त्या संध्याकाळी तिनं विचारलं. वह्या समोर घेऊन बसली आणि एकेका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवत गेली. ही कुणाची? ही सांबशिव अण्णाची, त्याच्या दहनाला लाकडं ओली म्हणून पेटेनात. ही वासुकी अक्काची. ही तुझ्या आजोबांची. तेव्हा दहा दिवस पत्र्यावर नुसता पाऊस वाजत होता आणि मी खाली बसून ऐकत होतों. ताता सांगत गेले, पण प्रत्येक नावानंतर आवाज थोडा थोडा खाली येत गेला, आणि शेवटी त्यांनी स्वतःच वही मिटली.

विनुतानं सगळी शून्यं पुसली. सतीशकुमारांना लांबलचक मेल लिहिली: चूक माझी, तातांनी कोरंच सोडलं होतं, वहीचे फोटो सोबत. उत्तर आलं, फार प्रेमळ. तिच्या खरेपणाचं त्यांना कौतुक वाटलं होतं. पण केंद्रांची यादी ठरून वर गेली होती, आता त्यात काही घालता येत नव्हतं. पुन्हा कधी असा अभ्यास निघाला तर जरूर.

तिनं ते तातांना वाचून दाखवलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. गुडघे दुखतात, म्हणाले. जिना तोच होता आणि गुडघेही तेच होते. आंघोळ मात्र वेळेवर व्हायची. साडेआठला ते वेष्टी नेसून खुर्चीत येऊन बसायचे आणि उठायचे नाहीत.

कार्तिकात पाऊस लागला. खरा, आपल्याकडचा, नारळांना पिळून काढणारा. एका सकाळी शाळा बंद होती. विनुता आंघोळ करून वर गेली. नरसाळं उचललं. बाटली काठोकाठ भरून बाहेर सांडत होती, किती दिवसांचं पाणी कोण जाणे. मोजपात्र हातात धरून ती भिजत उभी राहिली. मोजणार काय? सांडून गेलेलं कसं मोजायचं? तिनं बाटली ओतली, पुसली, परत ठेवली आणि खाली आली.

"ताता, बाटली भरून सांडलीय. काय लिहू?"

तिला वाटलं, आता तरी ओरडतील. निदान किती, म्हणून विचारतील.

"कोरं सोड," ताता म्हणाले. पेपरातून मान वर केली नाही.

विनुतानं वही उघडली, मग तशीच मिटून फळीवर ठेवली. ह्या वर्षी घरातलं कुणीही गेलं नव्हतं.