सळयांनी दाखवलेलं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जलबाबांनी वसाहतीच्या विहिरीचं पाणी पेल्यात ओतलं, बॅटरीला जोडलेल्या दोन लोखंडी सळया त्यात बुडवल्या आणि डोळे मिटले. बघता बघता पाणी चहासारखं तपकिरी झालं.

"विष वर आलं! आणि हे बघा, तेच पाणी, रात्रभर माझ्या मंतरलेल्या खड्यावर ठेवलेलं. अमृत!"

दुसऱ्या पेल्यातलं पाणी सळया बुडवूनही नितळच राहिलं. लगेच खडे हातोहात खपू लागले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई सासूबाईंशेजारी लेकीला घेऊन बसल्या होत्या. मूत्रपिंडं निकामी होऊन नवरा गेला, तेव्हापासून त्यांच्या आत सगळं गार पडलं होतं. रडू येत नव्हतं, बाबांचा रागही येत नव्हता. लेक त्याच विहिरीचं पाणी पिते, एवढंच डोक्यात होतं. पाणी तपासून घेऊ म्हटलं की सासूबाई म्हणत, "बाबा आहेत ना!"

बाई उठल्या आणि त्यांनी अमृताच्या पेल्यात पिशवीतलं चिमूटभर मीठ टाकलं.

"अहो ताई, हे काय करताय?" बाबांची समाधी चटकन उतरली.

"मीठच आहे. मिठात विष असतं का?"

बाईंनी सळया बुडवल्या. थोड्या वेळात अमृताचाही चहा झाला.

"क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि सळई झिजते. हा तिचाच गंज," बाई वर्गात सांगावं तसं सांगत होत्या. "यांनी बॅटरीत घालायचं पाणी आणलं. त्यात क्षार नसतात."

हशा पिकला. बाबांनी गाशा गुंडाळला.

"म्हणजे विषबिष काही नाहीच!" कोणीतरी ओरडलं. सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाईंनी तर विहिरीच्या पाण्याचा पेला भरून नातीच्या तोंडाला लावला.

बाईंनी त्यांचा हात धरला. "आई, थांबा. बाबा खोटा निघाला म्हणून पाणी चांगलं ठरत नाही."

"अगं, स्वच्छ दिसतंय की!"

"हेही तसंच बघून प्यायचे."

बाईंनी पिशवीतून काचेची बाटली काढली. "शेजारच्या कारखान्यात यंत्रांचे भाग ज्या द्रावणानं धुतात, ते पाण्यात मुरलं तरी रंग दिसत नाही, चव कळत नाही. प्रयोगशाळेतच कळतं. बाटली काठोकाठ भरायची, नाहीतर ते आतल्या हवेत उडून जातं."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे माझा मुलगा या पाण्यानं गेला?"

"मला ठाऊक नाही, आई. ठाऊक नाही म्हणूनच तपासायचं. तोवर कोणीही हे पाणी पिऊ नका."