खोटा साक्षीदार चष्मा

मी चष्मा बोलतोय, पण नंबरचा नव्हे. माझ्या कडांना बारीक कॅमेरे आहेत. मला घालणारा कुठे बघतो, तेवढं मी टिपतो. त्याच्या मनात काय चाललंय, हे मला कळत नाही. अमरावतीच्या त्या कॉलेजात हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

तासाला मुलांचं लक्ष कुठे असतं, हे शोधायला पदार्थविज्ञानाच्या शेखर सरांनी मला मागवलं. ज्याचं लक्ष सर्वांत जास्त, तो पुण्याच्या विज्ञान शिबिराला जाणार होता. माझ्यासोबत माहितीपुस्तिकाही आली होती. ती प्लास्टिकातच राहिली. वाचायच्या आधी बटण दाबायचं, ही माणसांची जुनी खोड!

देवीदास नावाच्या मुलानं पाऊण तास फळ्यावरची पाल बघितली. मी इमानेइतबारे टिपलं: नजर फळ्यावर, चौऱ्याण्णव टक्के.

मग नगमाची पाळी आली. दर्यापूरहून ती रोज एसटीनं यायची. तिचे वडील अय्युबभाई गाद्या भरायचे. त्या साली सोयाबीन करपलं, गावोगावची लग्नं लांबली, मग गाद्या कोण भरून घेणार? शिबिराला नाव लागलं तर पुढे शिक, नाहीतर घरी बस, असं घरात ठरलं होतं.

प्रवासाच्या धुळीनं डोळे चुरचुरू नयेत म्हणून आईनं तिला सकाळी सुरमा घातला होता. त्या काळ्या रेघेपुढे मी आंधळा झालो. बुबुळच सापडेना. ती फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवत होती आणि माझी नोंद कोरी जात होती. कॉम्प्युटरनं कोऱ्याचा अर्थ लावला, लक्ष नाही.

"अकरा टक्के! लक्ष कुठं राह्यते तुह्यं?" सर म्हणाले.

"सर, म्या तं सगळं लिवलं. वही पाहा ना."

"वही कोनाचीही उतरवता येते. मशीन खोटं बोलत नाई."

बोललो होतो, सर! चक्क खोटं बोललो होतो. पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

देवीदास पुण्याला गेला. जूनमध्ये नगमा कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर सही घ्यायला आली. सर यायचे होते. तिनं मला टेबलावरून उचललं, डोळ्यांना लावलं आणि रिकाम्या फळ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी सुरमा नव्हता. तिची बुबुळं मला लख्ख दिसली असती. पण प्रयोग संपला म्हणून माझी बॅटरी काढलेली होती.

आता मी कपाटात पडून आहे. पुस्तिका शेजारीच आहे, अजून प्लास्टिकात. तिच्या तिसऱ्याच पानावर छापलंय की डोळ्यांना काळं लावलेलं असेल, तर या चष्म्याची नोंद धरू नये. मला पुन्हा कुणाच्या नाकावर ठेवाल, तर आधी ते पान वाचा. आणि पोरगी वही पुढे करत असेल, तर ती उघडून तरी बघा.