दोनशे सातच्या दारावरची पाटी

मी पाटी बोलतेय. तुमच्या ओळखीची काळी, लाकडी चौकटीतली नव्हे. मी पांढरी आहे, गुळगुळीत आहे, वहीच्या दोन पानांएवढी आहे आणि एका वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर, दोनशे सात नंबरच्या दाराला बाहेरून चिकटवलेली आहे. माझ्या शेजारी सुतळीनं बांधलेला एक निळा मार्कर लोंबकळतो. आमचं दोघांचं फारसं पटत नाही, कारण ऐन वेळी तो वाळलेला असतो आणि बोल मला लागतो.

गाव ऑन्टारिओतलं, लहानसं. कॉलेजही लहान, जेमतेम तीनशे मुलांचं. सगळ्यांनी इथंच राहायचं, एकाच डायनिंग हॉलमध्ये जेवायचं, बारा-बारा जणांनी एका टेबलाभोवती बसून पुस्तकांवर वाद घालायचा, अशी इथली रीत. प्रत्येक दाराला माझ्यासारखी एक पाटी असते. बाहेर पडताना कुठे चाललोय ते लिहायचं, आणि कुणी येऊन गेलं तर त्यानं निरोप लिहायचा. पुण्यातल्या पाट्या म्हणे आलेल्या माणसाला दारातूनच परतवून लावतात. माझं काम त्याच्या बरोबर उलटं.

माझ्या जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका दिवसात माझ्यासारख्या हजार जणी निघतात. इथं आल्यावर मला पहिला धनी मिळाला तो ग्रीक शिकणारा एक मुलगा. तो रोज माझ्यावर एक नवा शब्द लिहायचा आणि रोज चुकवायचा. त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिनं वर्षभरात माझ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'झोपलेय', आणि ते कधी पुसलं नाही.

तिसरा मुलगा मात्र मी विसरणार नाही. मार्च महिन्यात एके दिवशी सगळ्या मजल्यावर धावपळ झाली, जो तो बॅगा भरायला लागला. त्यानं घाईघाईत लिहिलं, 'दोन आठवड्यांत परत येतो.' त्या साथीनं सतरा महिने वसतिगृह रिकामं ठेवलं. सतरा महिने मी ते वाक्य छातीवर घेऊन उभी होते, आणि वाचायला कुणीही नव्हतं. शाई इतकी मुरली की पुढे सफाईवाल्या बाईनं स्पिरिट लावून घासलं, तरी तिरप्या उजेडात ते अजून दिसतं. तो मुलगा परत आलाच नाही.

मग आणखी दोघं-तिघं आली नि गेली, आणि गेल्या सप्टेंबरात कृतिका आली. मिरजेची. स्कॉलरशिप मिळवून आलेली, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. खोलीत फोनला रेंज नाही, म्हणून ती रोज सकाळी माझ्यापाशी, दारात उभी राहून आईशी बोलायची. मिरजेत तेव्हा संध्याकाळ असते. फोन स्पीकरवर असायचा. माझं मराठी त्या मायलेकींच्या बोलण्यातून आलेलं आहे. चुकलं तर पदरात घ्या.

"आई, आमच्या फ्लोअरची डॉन खूप चांगली आहे."

"डॉन? अगं बाई! पोलिसांत सांगितलंस का?"

"गुंड नाही गं! सीनियर स्टुडंट असते, फ्लोअरवर लक्ष ठेवायला. इथं तिला डॉन म्हणतात."

"असलं कसलं गं बाईमाणसाला नाव! बरं, मास्तर कसे आहेत?"

"मास्तरांना सर नाही म्हणायचं इथं. नावानं हाक मारायची, ग्रेगरी म्हणून. माझी जीभच रेटत नाही. म्हणून मी हाकच मारत नाही."

हाक मारत नव्हती, आणि वर्गात बोलतही नव्हती. तिथं कुणी कुणाला 'आता तू बोल' असं सांगत नाही. ज्याला सुचलं त्यानं मध्ये घुसायचं. कृतिका बिचारी विचारण्याची वाट बघत बसायची आणि तास संपायचा. मग परत आली की दार उघडण्याआधी ती माझ्यावर बारीक अक्षरांत मराठीत लिहायची, तिला जे म्हणायचं होतं ते. 'राजाला दोष देणं सोपं आहे, पण त्याला नाही म्हणणारं घरात कुणीच नव्हतं.' असं काहीतरी. क्षणभर वाचायची आणि तळहातानं पुसून टाकायची. मजल्यावर कुणालाच ते वाचता येत नव्हतं. मला यायला लागलं होतं, पण माझा काय उपयोग!

दसऱ्याच्या सकाळी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं आणि माझ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. आईनं दिलेल्या पुडीतलं हळदकुंकू वाहिलं, आणि आपटा कुठून आणणार, म्हणून अंगणातलं एक लाल मेपलचं पान टेपनं चिकटवलं. हात जोडले. इतकी वर्षं माझ्यावर कुणीकुणी काय काय खरडलं, पण मला नमस्कार कुणी केला नव्हता. खरं सांगते, मला रडू आलं असतं, पण पाटीला कुठलं रडू!

समोरच्या खोलीतली जोसी तेव्हा दार उघडून बाहेर आली. उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावची मुलगी, उंच, बोलायला भिडस्त. तिचं घर बसनं चौदा तासांवर, म्हणून सुट्टीतही ती इथंच.

"इज दॅट मॅथ?" तिनं विचारलं.

कृतिका हसली. आल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं. मग दोघी दहा मिनिटं बोलल्या आणि जोसीला सरस्वती कळली. त्याच आठवड्यात जोसीनं माझ्यावर हिरव्या मार्करनं लिहिलं, 'थँक्सगिव्हिंगचं जेवण, रविवारी सहा वाजता, कॉमन किचन. येणार असशील तर इथंच लिहून ठेव.' खाली एक वाकडातिकडा भोपळा काढला. थँक्सगिव्हिंग म्हणजे इथला सुगीचा सण, कॅनडात तो ऑक्टोबरातच येतो. ते वाचून कृतिका दारातच उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं आईला तीनदा सांगितलं, "मला इन्व्हाइट केलंय!" तिला इथं एक माणूस मिळायला हवा होता, फक्त एक. माझीही तेवढीच इच्छा होती.

शुक्रवारी टोरोंटोजवळच्या एटोबिकोहून उमामावशीचा फोन आला. "अगं कृतिका, हे बेसमेंटच्या जिन्यावरून घसरले. हात प्लॅस्टरमध्ये आहे, आणि माझ्या मदतीला कुणी नाही बघ. मिळेल त्या बसनं ये." कृतिकानं बॅगेत चार कपडे कोंबले. जोसी वर्गात होती. दार ओढून घेताना कृतिकानं मार्कर उचलला. 'आय ॲम गोइंग' लिहिणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तिच्या आईनं तिला पाळण्यापासून शिकवलेलं. म्हणून तिनं आमंत्रणाच्या बरोबर खाली, ठळक अक्षरांत लिहिलं, 'आय विल कम.'

आणि बस पकडायला पळाली.

तुम्ही मराठी माणसं, तुम्हाला लगेच कळलं असेल. तिनं येते म्हटलं, म्हणजे ती गेली. मलाही कळत होतं. पण संध्याकाळी जोसीनं ते वाचलं आणि स्वतःशीच गुणगुणत परत गेली, तेव्हा मी काय करणार होते? ओरडून सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. माझ्यावर लिहिलेलं होतं ते मी दाखवत राहिले.

रविवारी सहा वाजले. किचनमधून भाजलेल्या भोपळ्याचा वास आला. साडेसहाला जोसी आली, दार वाजवलं, थांबली, गेली. आठ वाजता झाकलेली ताटली हातात घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. कृतिका मांस खात नाही म्हणून जोसीनं तिच्यापुरतं वेगळं केलेलं होतं. बराच वेळ बसली. मग उठून बाहीनं आपलं आमंत्रण पुसलं, भोपळाही पुसला, आणि 'आय विल कम' मात्र तसंच ठेवलं. तिला रागापेक्षा लाज वाटत होती, असं मला वाटतं.

सोमवारी कृतिका परतली ती मावशीनं दिलेल्या लाडवांचा डबा घेऊन. माझ्याकडे बघते तो आमंत्रण पुसलेलं. तिचा चेहरा पडला. 'न विचारता गेले, म्हणून हिनं मला काढून टाकलं,' असं तिनं धरलं. वाक्य पुसलं आणि दार लावून घेतलं. लाडू खोलीतच राहिले.

त्यानंतर दीड महिना समोरासमोरची दोन दारं एकमेकांशी बोलली नाहीत. जोसी पावलांचा आवाज आला की आतच थांबायची. कृतिका जेवायला पाच वाजता, हॉल रिकामा असताना जायची. माझ्यावर मराठीतली वाक्यं वाढत गेली, मग तीही कमी झाली. शेवटी एकदा तिनं आईला सांगितलं, "हॅमिल्टनला माझ्या शाळेतली ईशानी आहे, तिच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मिळते. मी अप्लाय करते. इथं माझं कुणी नाही गं." आई म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर बाळा."

नोव्हेंबर संपत आला होता, बाहेर पहिला जाड बर्फ पडला होता. कृतिका एका हातात भरलेला फॉर्म घेऊन ऑफिसात निघाली, दुसऱ्या हातात फोन.

"ठेवते आई. फॉर्म द्यायचाय. जाते मी."

"जाते?" आई एवढ्यानं ओरडली की मी दचकले. "जाते काय म्हणतेस? किती वेळा सांगितलंय, येते म्हण!"

जोसीचं दार उघडलं. "इज एव्हरीथिंग ओके? इज शी मॅड ॲट यू?"

कृतिकानं फोन ठेवला. डोळे पुसत म्हणाली, "नो, नो. ती फक्त... आमच्यात निघताना आय ॲम गोइंग म्हणत नाहीत. इट्स बॅड लक. वी से, आय विल कम."

जोसीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कृतिकाकडे.

"सो दॅट डे, यू वेअर सेइंग गुडबाय?"

"येस. गुडबाय. माझे काका पडले होते."

"आय सेव्ह्ड यू अ प्लेट," जोसी म्हणाली. "नो मीट इन इट. आय वेटेड."

"यू वेटेड?" कृतिकानं विचारलं, आणि तो फॉर्म तिच्या हातात चुरगळला. तिथंच भिंतीला टेकून दोघी खाली बसल्या, जेवणाची वेळ होईपर्यंत. त्या दिवशी ऑफिस राहिलं. पुढच्या आठवड्यात मुदतही गेली.

आता त्या दोघी माझ्याशिवायच भागवतात. जोसी काही लिहीत नाही, सरळ दारावर थाप मारते आणि "क्रितिका!" म्हणून हाक मारते. वर्गातही कृतिका बोलायला लागली म्हणे, परवा तर तिनं ग्रेगरीला मध्येच अडवलं. अजून कधीकधी फोनवर रडते, नाही असं नाही. पण तिला जे म्हणायचं असतं ते आता ती माणसांना म्हणते, त्यामुळे माझ्यावर अक्षर उमटत नाही. दिवसचे दिवस मी कोरी असते. मार्करही पार वाळून गेलाय. खोटं कशाला बोलू, एकटं वाटतं. तिचं ते बारीक अक्षर आठवतं, आणि पुसतानाचा तळहात आठवतो.

तरीही एक मागते. तुमच्याही समोर कुणाचं बंद दार असेल, त्यावर काहीतरी लिहिलेलं असेल, आणि तुम्हाला वाटेल की वाचलं म्हणजे कळलं. माझ्यावर इतका विश्वास टाकू नका. मला कोरी राहू द्या, आणि दार वाजवा.