राणीची वाटणी

“तोदे, त्या तिघांतल्या एकाच्याही शेजारी मला निजवू देऊ नकोस. मला माझ्या लुपापाशी ने. ऐकलंस ना?”

मरताना राणीसाहेबांनी सांगितलेलं ऐकलं होतं. पण त्यांच्या तिन्ही नवऱ्यांच्या दरबारांतल्या माणसांपुढे दासीने तोंड उघडायचं कसं? त्यात माझं व्रत. लुपा गेली त्या दिवसापासून मी दुपारची घंटा होईपर्यंत बोलत नाही. राणीसाहेब चिडवायच्या, “तुझ्या देवाला सकाळी शांतता लागते, आणि मला नेमकं सकाळीच भांडायचं असतं गं!”

आज त्या भांडायला नव्हत्या. कालच गेल्या. आतल्या खोलीत वैद्य देहाला मीठ आणि गंधरस लावत होता, आणि बाहेर मेजाभोवती बसून तिघे जण राणीसाहेबांची वाटणी करत होते.

“देह आमचा,” कारभारी मुनियो म्हणाले. हे तिसऱ्या, म्हणजे आत्ताच्या राजांकडचे. राजे शिकारीला गेले होते. “लग्नाची बायको आहे. एवढा नवा मठ बांधलाय, आत पुरायला कुणीतरी नको का?”

“तिसऱ्या लग्नाची!” मठाधिपती फोर्तून म्हणाले. “आमच्या राजांनी ती बारा वर्षांची असताना आणली. पहिलं ते पहिलं. निदान काळीज तरी आमच्या मठात यायला हवं.”

काळीज म्हणे! त्या लग्नात हिची एक दुधाची दाढ अजून हलत होती, आणि नवरदेवाच्या तोंडात दाढच उरली नव्हती. ते वारले, तर वर्षाच्या आत सरहद्दीवरच्या दोन किल्ल्यांसकट हिला दुसऱ्या राजांना देऊन टाकलं. त्यांना मुलगा हवा होता. झाली लुपा. चार वर्षांची पोर प्रवासात तापाने गेली. राजांना पुढचा मुक्काम गाठायचा होता, म्हणून ओल्मेदा गावातल्या लहानशा चर्चमध्ये तिला पुरून आम्ही सूर्य मावळायच्या आत निघालो. राणीसाहेबांना पुन्हा तिथे कुणी जाऊ दिलं नाही. आधी गरोदर म्हणून, मग विधवा म्हणून, मग परत नवरी म्हणून.

“आणि आम्ही काय नुसतं बघत बसायचं?” दुसऱ्या राजांकडचे पाद्री बेलास्को तडकले. “आमची अंगठी अजून तिच्या बोटात आहे. उजवा हात द्या.”

“हात?” मुनियो ओरडले. “अहो, न्यायाच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा राणीने हात शोधत तुमच्या गावाला यायचं का?”

“काळीज शोधत यांच्याकडे जाणारच आहे की! आम्ही वाटेतच आहोत.”

मी ओठ चावत मनोऱ्याकडे बघत होते. घंटा काही होईना. वाटलं, मोडावं व्रत. पण लुपासाठी धरलेलं लुपासाठीच कसं मोडू? तेवढ्यात वाटणीचा लेख लिहून झाला, मेण तापलं, तीन शिक्के उमटले. आणि मग घंटा वाजली.

“महाराज,” मी म्हणाले, “राणीसाहेबांना लुपापाशी जायचं होतं.”

“कोण लुपा?” बेलास्कोंनी विचारलं.

“तुमच्याच राजांची मुलगी.”

 ते शिक्क्यावर फुंकर घालत म्हणाले, “आता झालं ना, बाई. आधी नाही का बोलायचं?”

आतून वैद्य हात पुसत आला. झाकण लावलेलं एक मडकं त्याने दाराशी ठेवलं. “पोटातलं सगळं यात आहे. हे कुणाचं?”

तिघेही मागे सरकले. मुनियोंनी नाकाला रुमाल लावला. “पुरा की अंगणात कुठेतरी.”

“लेखात आहे का ते?” मी विचारलं.

“त्याला कशाला लेख!”

“मग मी घेते.”

कुणी हरकत घेतली नाही. लुपा नऊ महिने जिथे होती ते यांच्यातल्या कुणालाच नको होतं.

मडकं मी शालीत गुंडाळलं. भलतंच जड होतं. लुपाला घ्यायचे तसं कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले. मागे अंगठीवरून पुन्हा आवाज चढले होते. ओल्मेदाला दोन दिवस लागतात. या खेपेला वाटेत सूर्य मावळला तरी चालणार होतं.